चकाकी सर्वांत शेवटी: खेळण्यातले जुने वाफेचे इंजीन पुन्हा चालते कसे करावे

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, मेकॅनोच्या पट्ट्या आणि शिलाई मशीनची बॉबिने यांच्याखाली, कधी कधी एखादे वाफेचे इंजीन सापडते. लाल रंगाचा पत्र्याचा पाया, त्यावर आडवा पितळी बॉयलर, शेजारी चिमणी आणि बोटाने फिरवले की कुरकुरणारे फ्लायव्हील, म्हणजे जड चाक. असे इंजीन हाती आले की पहिला मोह होतो तो ब्रासो किंवा पितांबरी घेऊन ते लख्ख करण्याचा. हा मोह निग्रहाने आवरावा. वस्तू खेळण्यातली असली तरी तिच्यातला बॉयलर खरा आहे, दाब खरा आहे आणि वाफही भाजणारीच आहे. म्हणून आधी बॉयलर, मग सिलिंडर आणि सर्वांत शेवटी रंगरूप, हा क्रम सोडू नये.

हा क्रम मी अनुभवाने शिकलो. ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या घरी काकांचे एक इंजीन होते. मी ते दोन दिवस घासले, आरशासारखे केले आणि पाणी भरून पेटवले. बॉयलरच्या टोकाच्या जोडात एक केसाएवढी फट होती. पॉलिशचा पांढरा लगदा तिच्यात जाऊन बसल्यामुळे ती दिसली नव्हती. दाब चढताच लगदा उडाला आणि माझ्या मनगटापासून चार बोटांवर वाफेची पिचकारी सुटली. हात वाचला, पण बॉयलरवरचे कारखान्याचे मूळ चित्र आधीच घासून गेले होते आणि ते परत आणता येत नाही.

पहिल्या दिवशी इंजिनाला फक्त पाहावे. चारही बाजूंनी, खालून आणि प्रत्येक स्क्रूचे जवळून फोटो काढावेत. पायावरचा ठसा वाचून घ्यावा, कारण पुढची बरीच कामे त्यावर ठरतात. बर्मिंगहॅममध्ये जेफ्री मॅलिन्स यांनी १९३०च्या दशकात सुरू केलेल्या मॅमॉड या कंपनीच्या इंजिनांतल्या सेफ्टी व्हॉल्व्हचे (दाब वाढला की आपोआप उघडून वाफ सोडणाऱ्या झडपेचे) आटे पाव इंच जाडीचे आणि इंचाला २६ असे असतात. जर्मनीतील ल्यूडनशाइडच्या विलेस्को कंपनीचे व्हॉल्व्ह मात्र ६ मिलिमीटर जाडीचे आणि पाऊण मिलिमीटर अंतराच्या बारीक आट्यांचे असतात. हे दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. एकाचा बोल्ट दुसऱ्यात जबरदस्तीने पिळला की बॉयलरवरच्या पितळी बुशाचे, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात बसतो त्या कड्याचे, आटे जातात आणि मग साध्या डागडुजीचे मोठे काम होऊन बसते. पायाखाली किंवा भट्टीच्या पत्र्याआड करड्या, तंतुमय पुठ्ठ्यासारखा थर दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो असे धरून चालावे. तो कोरडा खरवडू नये, घासू नये आणि फुंकून साफ करण्याचा विचारही करू नये. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने रंगकामातही पॉलिश पेपर ओलाच वापरावा.

आता बॉयलर. सेफ्टी व्हॉल्व्ह, शिट्टी आणि पाण्याची पातळी दाखवणारा बूच वर्षानुवर्षे घट्ट बसलेले असतात. त्यांच्या मुळाशी भेदक तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी बॉयलर कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून नेमक्या मापाच्या पान्ह्याने हलकेच सोडवावे. पक्कड लावल्यास षट्कोन गोल होतो, आणि बॉयलरची नळी वाइसमध्ये पकडल्यास ती दबते. बॉयलर कापडात गुंडाळून हातानेच धरावा. पान्ह्याबरोबर बुशही फिरू लागला, तर तेथेच थांबावे. त्याचा डाख सुटतो आहे असा त्याचा अर्थ आहे.

आत काय आहे हे व्हॉल्व्हच्या भोकातून बारीक टॉर्चने दिसते. बॉयलर कानाजवळ हलवून पाहावा. क्षारांच्या खपल्या असल्या तर त्यांचा खुळखुळ आवाज येतो. अशा वेळी वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून ते बॉयलरमध्ये भरावे, वीस मिनिटांनी ओतून द्यावे आणि गरज वाटल्यास पुन्हा भरावे. रात्रभर मात्र ठेवू नये. आम्लात फार वेळ राहिलेल्या पितळातले जस्त निघून जाते, मागे तांब्याचा सच्छिद्र थर उरतो आणि पितळ गुलाबी दिसू लागते. जुन्या बॉयलरवर मूळचाच असा गुलाबी पट्टा दिसला, तर तो बॉयलर पेटवण्याचा विचार सोडून इंजीन कपाटात शोभेसाठी ठेवावे. साफसफाईनंतर खाण्याच्या सोड्याचे पाणी एकदा फिरवून साध्या पाण्याने तीन-चार वेळा खळबळून घ्यावे.

यानंतर थंड पाण्याची दाबचाचणी, आणि ती टाळण्याला कोणतीही सबब नाही. आपल्याकडे २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे भांडे बॉयलरच्या कायद्यात मोडत नाही, त्यामुळे पेलाभर पाण्याच्या या बॉयलरची तपासणी करायला कोणी निरीक्षक येणार नाही. ते काम आपलेच आहे. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरावा, आत हवेचा बुडबुडाही राहू देऊ नये, एका भोकाला बूच आणि दुसऱ्याला हातपंप जोडावा. पाणी दाबले जात नसल्याने जोड सुटला तरी फक्त थेंब बाहेर येतो. हवेने चाचणी घेतल्यास तोच बॉयलर फुटून त्याचे तुकडे उडू शकतात. नळजोडणी तपासणाऱ्या प्लंबरकडे असा हातपंप असतो, परंतु त्याचे मापक इमारतीच्या पाइपांसाठी असल्याने त्यावर आपला कमी दाब नीट वाचता येत नाही. त्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला चार किंवा सात किलोपर्यंतचे (एक किलो म्हणजे जवळपास एक बार) छोटे मापक वेगळे घ्यावे. पंपाला बॉयलरच्या आट्यांशी जोडणारा पितळी तुकडा वागळे इस्टेटमधला किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीतला कोणताही लेथवाला कातून देतो; फक्त नमुन्यासाठी मूळ व्हॉल्व्ह सोबत न्यावा. विलेस्कोचा व्हॉल्व्ह सुमारे दीड बारला उघडतो, मॅमॉडचा त्याहून कमी दाबाला. चालण्याच्या दाबाच्या दीडपट ते दुप्पट दाब हळूहळू चढवून दहा मिनिटे धरावा. काटा खाली येऊ नये, टोकाच्या तबकड्या फुगू नयेत आणि जोडांभोवती गुंडाळलेला टिश्यू पेपर कोरडा राहावा.

जोड पाझरला तर स्वतः सोल्डरिंग आयर्न उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कथील-शिशाचा मऊ डाख १८३ अंशांना वितळू लागतो, तर चांदीच्या डाखाला सहाशेहून अधिक अंश तापमान लागते. एकाच बॉयलरवर दोन्ही असतील, तर एक भरताना दुसरा वाहून जातो. टाकणखार लावून चांदीचा डाख देणारा अनुभवी कारागीर गाठावा आणि त्याच्या कामानंतर दाबचाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग मात्र दुरुस्त करत बसू नये. व्हॉल्व्हची दांडी बोटाने उचलून सोडली असता ती मोकळेपणाने परत बसत नसेल, तर त्याच मापाचा नवा व्हॉल्व्ह आणावा. अधिक वाफेच्या हौसेने स्प्रिंग आवळणे हा या छंदातला सर्वांत घातक उद्योग आहे.

सिलिंडरचे काम त्यामानाने आनंदाचे आहे. बहुतेक खेळण्यांत सिलिंडर स्वतःच मागेपुढे झुलतो. त्याच्या सपाट पाठीवरचे एक छिद्र समोरच्या ठोकळ्यावरच्या दोन छिद्रांपुढे आळीपाळीने येते, एकातून वाफ आत शिरते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. वेगळी झडप नसते. म्हणजेच इंजिनाची सगळी ताकद या दोन सपाट पृष्ठभागांच्या स्पर्शावर अवलंबून असते. मागची स्प्रिंग सोडवून सिलिंडर काढावा, वाळलेले काळे तेल रॉकेलने धुवावे आणि पाठ उजेडात तिरपी धरून पाहावी. चमकणारे आणि निस्तेज असे डाग दिसले, तर ती पाठ सपाट राहिलेली नाही. काचेच्या तुकड्यावर २००० नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर सिलिंडर इंग्रजी आठाच्या आकारात, फक्त बोटाच्या वजनाने फिरवावा. दर दहा फेऱ्यांनी पाहावे आणि संपूर्ण पाठ एकसारखी करडी दिसताच थांबावे. नंतर छिद्रात एकही कण राहू नये म्हणून ब्रशने पुन्हा धुवावे.

जोडणी झाल्यावर बॉयलर वगळून, फक्त सिलिंडरच्या नळीला सायकलचा पंप लावून पाहावे. फ्लायव्हील हलक्या दाबावर फिरू लागले, की यंत्रणा निरोगी आहे. क्रँकच्या, म्हणजे फ्लायव्हील फिरवणाऱ्या दांड्याच्या, टेकूंना शिलाई मशीनचे तेल पुरते, पण सिलिंडरमध्ये ते वाफेबरोबर काही मिनिटांत धुऊन जाते. तेथे ४६० ग्रेडचे जाड स्टीम सिलिंडर ऑइलच हवे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर ते विचारावे.

रंगाबद्दल थोडक्यात. मूळ रंग साठ-सत्तर टक्के शाबूत असेल तर त्याला हात लावू नये. सौम्य साबणाचे पाणी आणि मेणाचा पातळ हात पुरेसा होतो. निकेलचा मुलामा असलेल्या भागांवर पितळ घासण्याची कोणतीही पावडर वापरू नये, मुलामा निघून जातो. पितळावरची तपकिरी झाक हे त्या वस्तूचे वय आहे. ती ठेवावी असे मला मनापासून वाटते.

इंधन म्हणून डिनेचर्ड स्पिरिट योग्य, लाकडाला पॉलिश करणारे कारागीर वापरतात तेच. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून पेटत्या बर्नरमध्ये स्पिरिट कधीही ओतू नये. कापराच्या वड्या टाकून पाहण्याची कल्पना अनेकांना सुचते. त्याने बॉयलरच्या पोटाला काजळीचा जाड थर बसतो. पाण्यासाठी पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरी वॉटर घ्यावे, मात्र बाटलीवर ॲसिड लिहिलेले नाही याची खात्री दोनदा करावी.

रेल्वेच्या इंजिनांत भट्टीच्या छताला शिशाचे बूच असे; पाणी कमी झाले की ते वितळून वाफ आगीवर सुटे आणि चालकाला इशारा मिळे. आपल्या खेळण्यात हा पहारेकरी नाही. त्याची जागा मोजमापाने भरून काढावी लागते: पाणी संपण्यापूर्वी आग संपली पाहिजे. पहिल्या वेळी बॉयलर त्याच्या खुणेपर्यंत किंवा तीन चतुर्थांश भरावा आणि भरलेले पाणी मिलिलिटरमध्ये लिहून ठेवावे. बर्नरमध्ये सिरिंजने फक्त १० मिलिलिटर स्पिरिट घालावे. आग विझल्यावर, बॉयलर पूर्ण थंड झाल्यावर, उरलेले पाणी मोजपात्रात ओतून पाहावे. १० मिलिलिटरला किती पाणी आटते हे एकदा कळले, की किमान एक तृतीयांश पाणी शिल्लक राहील एवढेच स्पिरिट नेहमी घालता येते. पेटवताना मोकळ्या हवेत, स्टीलच्या ताटात इंजीन ठेवावे, चष्मा लावावा आणि मुलांना हातभर मागे बसवावे. सुरुवातीला सिलिंडरमध्ये गार पाणी साचते. बोटाने फ्लायव्हील चार वेळा फिरवले की ते थुंकल्यासारखे बाहेर पडते आणि मग इंजीन आपली लय धरते.

ठाण्यात खाडीचा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे खरे नुकसान चालवताना नव्हे, तर ठेवून दिल्यावर होते. दाब पूर्ण उतरल्यावर, पण बॉयलर कोमट असतानाच पाणी ओतून द्यावे, म्हणजे उरलेला ओलावा आपोआप सुकतो. व्हॉल्व्हचे भोक उघडे ठेवावे, पोलादी दांड्यांना तेलाचे बोट फिरवावे आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह इंजीन झाकणाच्या डब्यात ठेवावे. डब्यात एक कार्ड असू द्यावे: दाबचाचणीची तारीख, धरलेला दाब, पाण्याचे माप आणि स्पिरिटचे माप. पुढच्या दिवाळीत डबा उघडून इंजीन पेटवणारी व्यक्ती कदाचित आपण नसू.