ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर: आधी वहीवर, मग टर्मिनलवर

बारावीला लातूर पॅटर्नने प्रश्नसंच घोटून आलेल्यांना ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय सुरुवातीला सोपा वाटतो. व्याख्या आहेत, आकृत्या आहेत, ठरलेली गणितं आहेत. मग व्हायव्हाला परीक्षक विचारतात, "प्रिंट एकदाच लिहिलंय, मग आउटपुट दोनदा का आलं?" आणि पाठांतर तिथेच संपतं. घोटायचं जरूर, पण प्रत्येक गोष्ट दोनदा करायची: एकदा हाताने वहीवर, एकदा मशीनवर चालवून. कॉलेज लोणेऱ्याच्या विद्यापीठाशी संलग्न असो की स्वायत्त, युनिटचे क्रमांक बदलतात. गाभा तोच राहतो: प्रोसेस, शेड्युलिंग, सिंक्रोनायझेशन, डेडलॉक, मेमरी, फाइल सिस्टिम.

सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी सी भाषेतले पॉइंटर आणि स्ट्रक्चर पक्के करा. ते कच्चे असतील तर पुढचं सगळं प्रॅक्टिकल उतरवून काढावं लागतं. दुसरं काम लिनक्सचं. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू टाकलं की मशीन रखडतं, शिवाय डेस्कटॉपची आयएसओ फाइलच पाच-सहा जीबीची. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर ती उतरवण्यातच चार दिवस जातात. विंडोज १० किंवा ११ वर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय, पुरतं. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डब्ल्यूएसएल, एक स्पेस, दोन डॅश, लगेच इन्स्टॉल अशी कमांड द्या. मग रीस्टार्ट. व्हर्च्युअलायझेशन बंद असल्याची एरर आली तर ते बायोसमध्ये जाऊन चालू करा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, घाबरू नका, तसंच असतं. त्यानंतर एपीटीने (लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकणारी कमांड) बिल्ड-इसेन्शियल टाकलं की जीसीसी हा सी कंपायलर आणि मेक दोन्ही येतात. प्रोग्राम विंडोजच्या सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. दोन्हींच्या सीमेवरून फाइल वाचणं फार संथ होतं.

आता त्या दोनदा आलेल्या आउटपुटकडे. चार ओळींचा प्रोग्राम लिहा: प्रिंटएफने "नमस्कार" छापा, शेवटी न्यूलाइन देऊ नका, मग फोर्क करा (म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढा; मूळ ती पॅरेंट, प्रत ती चाइल्ड) आणि संपवा. नमस्कार दोनदा दिसेल. फोर्क तर नंतर आलाय, मग असं का? प्रिंटएफ मजकूर लगेच पडद्यावर पाठवत नाही, आधी प्रोसेसच्या मेमरीतल्या बफरमध्ये ठेवतं. फोर्क होताना ती सगळी मेमरी चाइल्डला मिळते, त्यात न छापलेला नमस्कारही आला. संपताना दोघंही आपापला बफर रिकामा करतात. आता न्यूलाइन देऊन चालवा, एकदाच दिसेल. तेच आउटपुट एखाद्या फाइलकडे वळवा, पुन्हा दोनदा! टर्मिनलवर बफर ओळ संपली की रिकामा होतो, फाइलसाठी मात्र तो पूर्ण भरेपर्यंत थांबतो. हा एक प्रयोग नीट समजला की प्रोसेसची स्वतंत्र मेमरी म्हणजे काय, ते वेगळं शिकवावं लागत नाही. त्याच बैठकीत लूपमध्ये तीनदा फोर्क करून एकूण आठ प्रोसेस का होतात त्याचं झाड वहीवर काढा. पॅरेंटला वेट न करता मिनिटभर झोपवा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये पीएस एयूएक्स चालवून संपलेल्या चाइल्डपुढचा झेड बघा. झॉम्बी म्हणतात तो हाच.

शेड्युलिंगच्या गणितात मार्क जातात ते बहुतेक एकाच जागी. राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने सीपीयू, क्वांटम (एका पाळीचा वेळ) २. पी१ शून्यावर आला, त्याला ५ युनिट हवेत. पी२ दोनवर आला, त्याला २ हवेत. वेळ २ ला पी१ चा क्वांटम संपतो आणि त्याच क्षणी पी२ येतो. रांगेत पुढे कोण? नव्याने आलेला पुढे धरला तर सरासरी वेटिंग टाइम १ येतो. पी१ ला पुढे धरलं तर २. साधारण रिवाज नव्याला पुढे घेण्याचा आहे, पण उत्तराच्या वर तसं गृहीतक एका ओळीत लिहाच. गॅन्ट चार्टशेजारी रेडी क्यूची प्रत्येक स्थिती लिहीत गेलात तर चूक कुठे झाली ते तुम्हालाच दिसेल.

सिंक्रोनायझेशनला सर्वात जास्त वेळ द्या, कारण इथली चूक दर वेळी दिसत नाही. दोन थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) करा, दोघांनी एकच ग्लोबल काउंटर १० लाख वेळा एकने वाढवायचा. उत्तर २० लाख यायला हवं, येतं कमी आणि दर वेळी वेगळं. काउंटर वाढवणं ही मशीनच्या लेखी तीन कामं आहेत: वाचा, एक मिळवा, परत लिहा. दोघांनी एकाच वेळी ५० वाचलं तर दोघंही ५१ लिहितात आणि एक वाढ बुडते. कंपाइल करताना पीथ्रेडचा पर्याय द्या आणि ऑप्टिमायझेशन बंद ठेवा. ते चालू असेल तर कंपायलर अख्ख्या लूपची एकच बेरीज करून टाकू शकतो, उत्तर बरोबर येतं आणि प्रोग्राम ठीक आहे असा गैरसमज होतो. मग म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, लावा, २० लाख येतील, वेळही वाढेल. किती वाढला ते टाइम कमांडने मोजून जर्नलमध्ये लिहा.

प्रोड्युसर-कन्झ्युमरमध्ये (एक बफरमध्ये माल ठेवतो, दुसरा काढतो) दोन वेटचा क्रम मुद्दाम उलटा करून बघा, आधी म्युटेक्स, मग एम्प्टी, म्हणजे रिकाम्या जागा मोजणारा सेमाफोर. बफर भरला की प्रोड्युसर कुलूप हातात धरून जागेची वाट बघत बसतो, आणि जागा करून देणारा कन्झ्युमर त्याच कुलपासाठी दाराबाहेर थांबतो. पेपरात हा क्रम चुकला तर बाकी कोड सुंदर असूनही उत्तर चूक.

डेडलॉक, म्हणजे प्रोसेसेस एकमेकांसाठी अडून बसणं, टाळणारा बँकर्स अल्गोरिदम तासाभराचं काम आहे. मॅक्समधून ॲलोकेशन वजा करून नीड काढा आणि पुढे जा. सेफ सीक्वेन्स, म्हणजे सगळ्या प्रोसेस न अडकता पूर्ण होतील असे क्रम, एकाहून अधिक असू शकतात, शेजारच्याचं उत्तर वेगळं आलं म्हणून आपलं खोडू नका.

मेमरीत पत्त्यापासून सुरुवात करा. ३२ बिटचा पत्ता, ४ केबीचं पेज, म्हणजे १२ बिट ऑफसेटला (पेजच्या आतली जागा) आणि २० बिट पेज नंबरला. एका एंट्रीला ४ बाइट धरले तर एकेका प्रोसेसचं पेज टेबल ४ एमबीचं होतं. मल्टिलेव्हल टेबल का लागतं याचं उत्तर याच आकड्यात आहे. टीएलबीच्या (अलीकडे वापरलेल्या पेज टेबल एंट्री ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) गणितात मिस झाल्यावरही टीएलबी शोधण्याचा वेळ धरायचा असतो. मेमरी १०० नॅनोसेकंद, टीएलबी २०, हिट ८० टक्के, तर हिटला १२०, मिसला २२०, सरासरी १४०. पेज रिप्लेसमेंटसाठी १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही मालिका हाताने सोडवा. फिफोने (आधी आलेलं पेज आधी काढायचं) ३ फ्रेमला ९ फॉल्ट (हवं ते पेज मेमरीत नसणं) येतात आणि ४ फ्रेमला १०. जागा वाढवून फॉल्ट वाढले, हीच बेलाडीची विसंगती. एलआरयूने (सर्वात जास्त काळ न वापरलेलं पेज काढायचं) तेच १० वरून ८ वर येतात.

फाइल सिस्टिम समजून घ्यायला आपल्याकडची जाणारी लाईटच बरी. यूपीएस नसलेल्या लॅबमध्ये सेव्ह दाबलं आणि लगेच वीज गेली, तर फाइलचं नाव राहून आतला मजकूर जाऊ शकतो, कारण लिनक्स लिहिलेलं आधी रॅममध्ये ठेवतं आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरवतं. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही) नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइल सिस्टिमची मांडणी सांभाळतं, तुमच्या मजकुराची हमी देत नाही. मोठा प्रोग्राम सेव्ह केल्यावर टर्मिनलमध्ये सिंक कमांड द्या, ती परत येईपर्यंत थांबा, मगच जागेवरून उठा.