पावसाळ्यात आयसीटीवर १ मेगाओहमचा रेझिस्टर सकाळी फेल, दुपारी पास

कुडाळ एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये जुलै लागला की सकाळच्या पाळीत आयसीटीवर, म्हणजे सर्किट बोर्डावरचा एकेक भाग मोजून तपासणाऱ्या यंत्रावर, हाच घोळ. रेझिस्टर ०.८९ मेगाओहम दाखवायचा, मर्यादा ±५ टक्के. काढून मल्टिमीटरवर धरला तर बरोबर १. प्रोब (बोर्डाला टेकणारे यंत्राचे स्प्रिंगवाले खिळे) बदलले, कॅलिब्रेशन झालं, रेझिस्टरची दोन रीळं बदलली. तीन आठवडे चांगली बोर्डं रीवर्कला (दुरुस्तीला) जात होती, जीव तुटायचा.

शेवटी बोर्ड न ठेवता त्याच दोन खिळ्यांमधला रोध मोजला: ८ मेगाओहम! तिथे ओपन यायला हवं होतं. खिळ्यांच्या बुडाशी फ्लक्सचा (सोल्डरिंगला वापरतात त्या रसायनाचा) पिवळट, चिकट थर होता. रात्री एसी बंद, दमट हवेत तोच वीज वाहून नेत होता. १ ला ८ समांतर, म्हणजे ०.८९.

आधी वीज बंद. प्रोब सॉकेटमधून उपसले. खिळे बसतात ती प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोनदा धुतली, दर वेळी कोऱ्या कापडाने टिपली. ५० अंशांवर दोन तास सुकवली. प्रोबची टोकं मात्र कोरड्या ब्रशनेच. अल्कोहोलात बुडवले तर आतलं वंगण जातं. प्रोब बसवून पुन्हा रिकामं मोजलं, १०० मेगाओहमच्या वर. मगच बोर्ड ठेवलं.

आता रोज पहिल्या बोर्डाआधी हे रिकामं माप घेतो. डीह्युमिडिफायर रात्रभर चालू, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास.