गाडीच्या टेपला हेडफोनचं सॉकेट जोडताय? या चुका टाळा

कोल्हापूरहून पुण्याला निघालं की गाडीत वाद ठरलेला. मागं पोरांना गाणी दणक्यात हवी असतात, आजीला पेठनाक्याच्या आतच डुलकी लागते आणि चालवणाऱ्याला शांतता हवी असते. मागच्या सीटला दोन हेडफोन सॉकेट आणि प्रत्येकाला आपापला व्हॉल्यूम, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. सामान किरकोळ लागतं आणि सोल्डरिंग येत असेल तर घरीही जमतं. मात्र "मागच्या स्पीकरच्या वायरी काढतो आणि त्यालाच सॉकेट लावतो, दहा मिनिटांचं काम" असं कुणी म्हणालं, तर चहा घ्या आणि गाडी तशीच परत आणा.

स्पीकरच्या वायरी चार, हेडफोनच्या तीन

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. डाव्या स्पीकरच्या दोन आणि उजव्याच्या दोन मिळून चार वायरी होतात. ३.५ मिलिमीटरच्या पिनेला मात्र भाग तीनच: टोक डावं, मधलं कडं उजवं आणि मागचा भाग दोघांचा सामाईक. चाराचे तीन करायचे म्हणून लोक दोन्ही मायनस एकत्र पिळतात. घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर हे बऱ्याचदा खपून जायचं. गाडीत खपत नाही.

गाडीत वीज बाराच व्होल्टची. तेवढ्यातून जास्त ताकद काढायची म्हणून आजच्या जवळजवळ सगळ्या सेटमध्ये (म्हणजे गाडीच्या टेपमध्ये) प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र अँप्लिफायर असतो. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. म्हणजे ज्या वायरीला आपण मायनस म्हणतो ती नावाचीच मायनस, अर्थिंगशी, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीशी, तिचा संबंध नाही. खात्री करायची तर सेट चालू करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब बॉडीला आणि लाल प्रोब आळीपाळीनं स्पीकरच्या दोन्ही वायरींना लावा. दोन्हीकडे साधारण ६ व्होल्ट दिसले, तर त्यातली कुठलीही वायर दुसऱ्या चॅनेलच्या वायरीला किंवा बॉडीला जोडायची नाही. जोडली तर नशीब चांगलं असेल तेव्हा सेट प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प होतो. नसेल तेव्हा आतली आयसी जाते.

दुसरं, ताकदीचा हिशेब. सेटवर '५० वॅट गुणिले ४' छापलेलं असतं, पण सलग मिळणारी खरी ताकद चॅनेलला वीसेक वॅटच्या आसपासच असते. तरी पूर्ण आवाजात त्या वायरींवर आठेक व्होल्ट येतात. ३२ ओहमच्या हेडफोनला ८ व्होल्ट म्हणजे २ वॅट. साध्या हेडफोनला कान भरायला एक-दोन मिलिवॅट पुरतात. हजारपट जास्त ताकद कानात सोडल्यावर आधी कॉइल जळेल की कानाचा पडदा जाईल, हे सांगता येत नाही.

काही कारागीर दोन्ही प्लसवरून कपॅसिटर आणि रेझिस्टर लावून सिग्नल घेतात आणि सामाईक टोक सेटच्या अर्थला देतात. कपॅसिटर ते ६ व्होल्ट अडवतो, त्यामुळं हे चालतं. पण सेट सुरू करताना कपॅसिटर भरतो आणि कानात 'ठप्प' असा दणका बसतो. लहान पोरांच्या कानाला हे लावायला माझं मन घेत नाही.

मग सिग्नल घ्यायचा कुठून?

सेटच्या मागं आरसीएचे प्रीआउट, म्हणजे बाहेरच्या अँप्लिफायरला सिग्नल देणारी गोल सॉकेटं, असतील तर तिथून. ते नसतील तर ट्रान्सफॉर्मर असलेला हाय-टू-लो कन्व्हर्टर घ्या, म्हणजे स्पीकरचा जोरदार सिग्नल लहान करणारा डबा. तो स्पीकरच्या वायरींना लागतो आणि त्याची बाहेरची बाजू अर्थपासून सुटी राहते. विकत घेताना आत ट्रान्सफॉर्मर आहे का, एवढं विचाराच. नुसते रेझिस्टर भरलेले डबेही मिळतात, आणि त्यात वरचाच घोळ पुन्हा होतो.

प्रीआउट थेट हेडफोनला जोडला तर आवाज येतो, पण मेलेला. ती लाइन अँप्लिफायरला सिग्नल द्यायला असते, ३२ ओहमचा भार ओढायला नाही. मध्ये छोटा हेडफोन अँप्लिफायर लागतोच. स्वस्त तयार बोर्डांवर बहुधा टीडीए२८२२एम ही आयसी असते आणि कामाला ती पुरेशी आहे.

अनेकांची फसगत होते ती फेडरमध्ये, म्हणजे आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये वाटून देणाऱ्या सेटिंगमध्ये. मागच्या प्रीआउटवरून लाइन घेतली, मग मागचे स्पीकर बंद व्हावेत म्हणून फेडर पूर्ण पुढं नेला, आणि हेडफोनही गप्प! बऱ्याच सेटमध्ये प्रीआउटही फेडरचंच ऐकतो. पुढं शांतता आणि मागं हेडफोन हवे असतील तर उलटं करा: लाइन मागच्या प्रीआउटवरूनच घ्या, फेडर मागं न्या आणि मागच्या स्पीकरना एक स्विच लावा. स्विच प्रत्येक स्पीकरची एक वायर वेगवेगळी तोडणारा, म्हणजे दोन पोलचा हवा. सबवूफरच्या प्रीआउटला हात लावू नका, तिथं बहुतेक वेळा फक्त खालचा घुमारा मिळतो.

व्हॉल्यूमच्या गमती

व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर, अँप्लिफायरच्या आधी बसतो. १० के चा (१० हजार ओहमचा) पॉट अँप्लिफायर आणि हेडफोनच्या मध्ये टाकला की थोडा फिरवताच आवाज गायब होतो, कारण ३२ ओहमपुढं १० के म्हणजे भिंतच.

पॉट दोन मजली घ्या, सहा पायांचा, डाव्या-उजव्यासाठी एकत्र फिरणारा. त्याच्यावर 'ए' आहे की 'बी' तेही बघा. हल्लीच्या मालात 'ए' म्हणजे कानाच्या सवयीनं वाढणारा आणि 'बी' म्हणजे सरळ रेषेत वाढणारा. बी लावला तर पहिल्या चतुर्थांशातच सगळा आवाज येऊन जातो आणि पुढं फिरवून फारसा फरक जाणवत नाही.

ए लावूनही तसंच होत असेल तर दोष अँप्लिफायरच्या वाढीचा. टीडीए२८२२एम सिग्नल जवळजवळ ९० पट वाढवते. तिला प्रीआउटचा एक-दोन व्होल्टचा सिग्नल दिला की ती ओरडणारच. पॉटच्या आधी दोन्ही चॅनेलला १०० के ते ४७० के चा एकेक रेझिस्टर टाका. पॉट अर्ध्यावर असताना आवाज सुखाचा वाटला की किंमत जमली. मागची बारीक 'स्स्स' सुद्धा यानं दबते, आणि मुलांनी पॉट पूर्ण फिरवला तरी कान वाचतात.

दोन सॉकेट असतील तर दोन पॉट आणि दोन अँप्लिफायर. एकाच अँप्लिफायरवर दोघांना बसवलं की एकानं आवाज कमी करताच दुसऱ्याचा जातो, आणि भांडण होतं तिथंच राहतं.

कानावरून दोष ओळखा

वाद्यं ऐकू येतात पण गाणारा गायब, सगळं पोकळ आणि लांबून आल्यासारखं: सामाईक वायर तुटली आहे किंवा तिथं ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, आहे. दोन्ही कानांना मग डाव्या-उजव्यातला फरकच तेवढा मिळतो, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असल्यानं तो वजा होतो. माइकवाल्या चार भागांच्या पिनेनंही काही सॉकेटमध्ये असंच होतं. आधी साधा तीन भागांचा हेडफोन लावून बघा.

ढोलाचा दणका नाही, नुसती झांज: अँप्लिफायरकडून हेडफोनकडे जाणाऱ्या वाटेवरचा कपॅसिटर लहान आहे. १० मायक्रोफॅरडचा असेल तर ३२ ओहमवर साधारण ५०० हर्ट्झच्या खालचं उतरत जातं. २२० टाका, मग तीच सीमा २३ हर्ट्झवर येते. त्याचा प्लस आयसीकडे.

एक कान बंद: सॉकेटमध्ये मोनो पिन घातली आहे का बघा. ती उजवा चॅनेल सामाईकला शॉर्ट करते. सॉकेटच्या आधी दोन्हीकडे २२ ओहमचे रेझिस्टर असतील तर निदान आयसी वाचते.

ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारी 'कुंई': हा अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा आवाज, आणि तो बहुतेक वेळा अर्थिंगमधून येतो. अँप्लिफायरचा अर्थ सेटच्या अर्थवरूनच घ्या, डिकीत वेगळा स्क्रू मारून नको. धातूचं सॉकेट बॉडीला टेकलं की दुसरा अर्थ आपोआप तयार होतो, म्हणून सॉकेट प्लास्टिकचं घ्या. सिग्नलला शील्डेड वायर वापरा आणि ती पॉवरच्या वायरींबरोबर एकाच जुडग्यात बांधू नका.

पॉवर आणि वायरिंग

पॉवर एसीसीच्या, म्हणजे चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या वायरीवरून घ्या. बाजारातल्या सेटच्या हार्नेसला ती सहसा लाल असते, आणि पिवळी थेट बॅटरीची. पिवळीवर जोडलं तर गाडी उभी असतानाही बोर्ड जागा राहतो. चालू गाडीत व्होल्टेज १४.४ च्या आसपास जातं, वर झटके वेगळेच, आणि टीडीए२८२२एम ची मर्यादा १५ व्होल्ट. मध्ये ७८०९, म्हणजे व्होल्टेज ९ वर धरून ठेवणारा रेग्युलेटर टाका. मोबाइल चार्जरसारखा स्वस्त बक कन्व्हर्टर लावला तर त्याचीच चिरचिर कानात येते. जिथून वायर घेतली तिथंच १ अँपिअरचा फ्यूज हवा.

वायर दरवाजाच्या पायरीच्या प्लास्टिक पट्टीखालून मागं न्या. सीटच्या रुळाजवळून नेली तर सीट सरकताना एक दिवस चिरडली जाईल. पुढच्या सीटच्या पाठीत सॉकेट बसवायची हौस असेल तर आधी सीटवर एअरबॅगचं लेबल आहे का बघा. असेल तर ती सीट उघडायची नाही, खालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही. अशा गाडीत मधल्या कन्सोलच्या मागच्या बाजूला सॉकेट बरं. तिथं ओल्या छत्र्या कुठं टेकतात तेही बघून ठेवा, कारण पावसाळ्यात गगनबावड्याकडं एक चक्कर झाली की उघड्या तोंडाचं सॉकेट खरखरायला लागतं. रबरी टोपण असलेलं सॉकेट थोडंच महाग मिळतं.

आणि पुढं ड्रायव्हरसाठी सॉकेट काढून मागितलं तर नाही म्हणा. चालवणाऱ्याला हॉर्न आणि अँब्युलन्स ऐकू यायलाच हवी.