ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी: फोल्डिंग आणि बॉइंकसाठी तयारीची यादी

संगणकाचा रिकामा वेळ संशोधनाला द्यायचं ठरलं की बहुतेक जण थेट कार्डांच्या किमती बघायला लागतात. त्याआधी प्रकल्प ठरवा. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या फोल्डिंग अ‍ॅट होमचा स्वतःचा प्रोग्राम आहे; खाली आलेले बाकीचे प्रकल्प बॉइंक या प्रोग्राममधून चालतात. रोझेटा अ‍ॅट होम आणि क्लायमेटप्रेडिक्शन यांचं काम प्रोसेसरवर चालतं, तिथे कितीही महागडं कार्ड लावलं तरी ते नुसतं बसून राहील. कार्डाचा खरा उपयोग होतो फोल्डिंग अ‍ॅट होमला, आइनस्टाइन अ‍ॅट होमला, प्राइमग्रिडला आणि जीपीयूग्रिडला. आइनस्टाइन दुर्बिणींच्या नोंदींतून पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारे मृत तारे, शोधतं आणि अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या नोंदींतून गुरुत्वीय लहरी. याच लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात उभी राहते आहे, त्यामुळे मराठी माणसाने या प्रकल्पाकडे जरा आपुलकीने बघावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रकल्प ठरला की कंपनी ठरवणं सोपं जातं. जीपीयूग्रिड मनात असेल तर एनव्हिडियाच घ्या, कारण त्यांचं काम कूडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या स्वतःच्या आकडेमोड प्रणालीवर, चालतं. फोल्डिंग एएमडीवरही चालतं, पण 2020 पासून एनव्हिडियावर ते कूडा वापरतं आणि त्याचा वेगात फायदा दिसतो. इंटेलच्या आर्क ए मालिकेत दुहेरी अचूकतेची (64 बिटांच्या आकड्यांची) आकडेमोड करणारी यंत्रणाच नाही आणि फोल्डिंगला ती लागते, म्हणून ती मालिका इथे बाद. दुहेरी अचूकतेचा सल्ला मात्र जपून घ्या. जुन्या लेखांत एएमडीची रेडिऑन व्हीआयआय किंवा एचडी 7970 शोधून काढा असं लिहिलेलं सापडतं. ते मिल्कीवे अ‍ॅट होमसाठी होतं आणि त्या प्रकल्पाने 2023 मध्ये कार्डांवरचं काम बंद केलं. आता त्या कार्डांसाठी पैसे घालवू नका.

आता विजेचा हिशोब, आणि हा कागदावर करा. खेळासाठी घेतलेलं कार्ड दिवसातून दोन-तीन तास तापतं; इथे ते दिवसरात्र पूर्ण भाराने चालणार आहे. समजा आरटीएक्स 3060 घेतलं, 170 वॅटचं. बाकी संगणकाचे 60 वॅट धरा. एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीची, कार्यक्षमता 85 टक्के धरली तर भिंतीतून साधारण 270 वॅट ओढले जातात, म्हणजे दिवसाला साडेसहा आणि महिन्याला 195 युनिट. घरचा वापर 120 युनिट असेल तर बेरीज 315 होते आणि महावितरणच्या घरगुती दरात 300 च्या वरची युनिटं पुढच्या, महागड्या टप्प्यात जातात. त्याच कार्डाची वीजमर्यादा 120 वॅटवर आणली तर महिन्याला 152 युनिट लागतात, बेरीज 272 वर थांबते. वीज जितकी वाचते त्या मानाने वेग बराच कमी घटतो, म्हणून ही मर्यादा पहिल्या दिवसापासून लावा. विंडोजवर आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिटची पट्टी आहे. लिनक्सवर एनव्हिडिया-एसएमआयच्या एका आज्ञेत काम होतं, फक्त संगणक पुन्हा सुरू झाला की ती परत द्यावी लागते.

नवं घेत असाल तर आरटीएक्स 4060 चे 115 वॅट आणि 8 जीबी मेमरी ही सुरुवातीला समतोल जोडी आहे. एका कार्डावर एकाच वेळी दोन-तीन कामं चालवायची असतील तर 3060 ची 12 जीबी आवृत्ती उपयोगी पडते. 4070 ला 200 वॅट लागतात. तेवढी हवा खेळवणारं कॅबिनेट असेल तरच.

जुनं कार्ड स्वस्त मिळतं, पण इथे डोळे उघडे ठेवा. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर आकडेमोड करून चलन मिळवणं) थांबलं आणि हजारो कार्डं बाजारात आली. आरएक्स 580 सारख्या कार्डांत मेमरीची गती वाढवण्यासाठी बायोस, म्हणजे कार्डातला मूळ प्रोग्राम, बदललेला असू शकतो. खेळात एखादा ठिपका चुकला तर कळतही नाही. इथे एक आकडा चुकला की तासाभराचं काम बाद होतं. मूळ बायोस आहे का ते विचारा, कार्डाची मेमरी तपासणारा मेमटेस्ट व्हल्कन हा प्रोग्राम अर्धा तास चालवून बघा. जीटीएक्स 10 मालिका कितीही स्वस्त असली तरी टाळा, कारण एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची 580 शाखा तिच्यासाठी शेवटची आहे.

एसएमपीएसवर काटकसर नको. स्लॉटमधून 75 वॅट मिळतात, 6 पिनांच्या जोडातून 75, 8 पिनांच्या जोडातून 150. मोलेक्सवरून (जुन्या 4 पिनांच्या जोडावरून) बनवलेला अ‍ॅडॅप्टर चोवीस तासांच्या भाराला लावू नका. 16 पिनांचा जोड असेल तर तो पूर्ण आत बसला आहे का ते उजेडात बघा: कडेला फट दिसता कामा नये आणि जोडाजवळच वायर दुमडलेली नको. अर्धवट बसलेल्या जोडात थोड्याच पिनांवर सगळा प्रवाह येतो आणि प्लास्टिक वितळतं. यूपीएस 600 व्हीएचा असेल तर तो साधारण 360 वॅट देतो. वरच्या हिशोबात एवढा पुरतो.

कार्ड प्रोसेसरजवळच्या मोठ्या स्लॉटमध्येच लावा. मायनिंगवाल्या एक-लेनच्या रायझरवर, म्हणजे कार्ड स्लॉटपासून दूर ठेवणाऱ्या जोडणीवर, फोल्डिंग रखडतं. एनव्हिडियावर फोल्डिंगचं प्रत्येक काम प्रोसेसरचा एक थ्रेड पूर्ण घेतं, तो मोकळा ठेवा. कॅबिनेटला पुढून आत हवा घेणारे दोन आणि मागे एक पंखा हवा. मे महिन्यात विदर्भात खोलीच 38-40 अंशांवर जाते, तेव्हा कार्ड 75 अंशांखाली राहत नसेल तर वीजमर्यादा आणखी कमी करा किंवा दुपारी काम थांबवा. जाळी महिन्यातून एकदा झटका.

ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. विंडोज अपडेटने आलेल्या ड्रायव्हरमध्ये ओपनसीएल, म्हणजे कार्डावर आकडेमोड करायला लागणारा भाग, नसल्याच्या तक्रारी येतात. बॉइंक बसवताना सर्व्हिस म्हणून (पडद्यामागे आपोआप चालणारा प्रोग्राम म्हणून) बसवण्याचा पर्याय निवडू नका, त्या पद्धतीत विंडोजवर कार्ड वापरता येत नाही. लिनक्सवर बॉइंकच्या खात्याला व्हिडिओ आणि रेंडर या गटांत घाला. मग बॉइंकच्या इव्हेंट लॉगच्या (नोंदवहीच्या) सुरुवातीच्या ओळींत कार्डाचं नाव येतं का ते वाचा. फोल्डिंगसाठी पासकी (तुमच्या नावाची खास ओळखखूण) आधीच घेऊन ठेवा: तिच्यावर 10 कामं पूर्ण झाली आणि किमान 80 टक्के कामं मुदतीच्या आत परत गेली की लवकर काम परत देण्याचे जादा गुण सुरू होतात.

पहिले काही दिवस बॉइंकच्या खात्यात अवैध ठरलेली कामं किती आहेत ते रोज तपासा. अधूनमधून एखादं दिसलं तर कारखान्यातून वाढवून आलेली गती मूळ पातळीवर आणा. तरीही चुका थांबल्या नाहीत तर दुकानदाराची परत घेण्याची मुदत संपायच्या आत कार्ड बदलून घ्या.