केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर गुरुत्वाकर्षण कसं मोजायचं

सुटे कण घेऊ नका. दोन प्रोटॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १ वर ३६ शून्यं इतके पट असतं, आणि अंतर कितीही घटवलं तरी हे गुणोत्तर तेच राहतं. म्हणून विद्युतदृष्ट्या उदासीन, जड धातूची तबकडी घ्या.

तबकडीत समान अंतरावर, समजा १८, भोकं पाडून ती बारीक टंगस्टनच्या तारेला निर्वातात टांगा. खाली तशीच दुसरी तबकडी सावकाश फिरवा. खालच्या भोकांमधल्या धातूच्या ओढीने एका फेरीत तारेला १८ वेळा पीळ बसतो. मोटरची थरथर आणि कलंडणं मुख्यतः फेरीगणिक एकदाच दिसतं, त्यामुळे खरा संकेत वेगळा काढता येतो. सगळी युक्ती इथेच आहे.

मधे ताणलेला, अर्थिंग केलेला धातूचा पातळ पडदा हवाच, नाहीतर पृष्ठभागावरचे विद्युतभार गुरुत्वाकर्षणाचं सोंग घेतात. पडदा सैल पडला की मापन गेलं. धुळीचा एक कणही तबकडी अडकवतो.

अंतर बदलत पिळाची न्यूटनच्या व्यस्त वर्ग नियमाशी (अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश) तुलना करा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये ५२ मायक्रोमीटरपर्यंत हे केलं, नियम टिकला.