गाडी खाली आणली आणि हँडलिंग बिघडलं? सस्पेन्शन बदलताना या चुका टाळा

स्पोर्ट्स कारला नव्या स्प्रिंग बसवल्या, गाडी दिसायला झकास झाली, पण वळणात पूर्वीचा भरवसा राहिला नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. बसवलेला माल बहुतेक वेळा चांगलाच असतो, घोळ होतो तो चाकांच्या आणि सस्पेन्शनच्या दांड्यांच्या कोनांमध्ये. रस्त्याला टेकतो तो प्रत्येक टायरचा तळहाताएवढा भाग. वळणात, ब्रेक मारताना, उंचसखल रस्त्यावर तो भाग नीट टेकवून ठेवणं हेच सस्पेन्शनचं काम. कोणताही बदल करण्याआधी त्याने या कामाला मदत होईल की अडथळा, एवढं विचारा.

गरजेपेक्षा जास्त खाली आणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, इथपर्यंत हिशोब बरोबर. पण पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि तिची उसळी आवरणारा डॅम्पर एकाच उभ्या खांबात असलेली रचना) असेल, जसा टोयोटा ८६ किंवा सुबारू बीआरझेडला आहे, तर खालच्या कंट्रोल आर्मकडे, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याकडे, बघायलाच हवं. गाडी फार खाली गेली की हा आर्म चाकाच्या बाजूला वर चढलेला दिसतो. मग बॉडी कलल्यावर बाहेरच्या चाकाला जो निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) मिळायला हवा, तो मिळत नाही आणि टायर बाहेरच्या कडेवर जातो. शिवाय रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. या दोघांमधलं अंतर म्हणजे बॉडीला कलवणारी तरफ, आणि तीच लांब होते. कडक स्प्रिंग घालूनही गाडी हवी तितकी सपाट राहत नाही, ती यामुळे. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ सारख्या, चारही चाकांना डबल विशबोन (वर आणि खाली असे दोन आर्म) असलेल्या गाडीत हा त्रास कमी जाणवतो, पण तिथेही मर्यादा आहेच.

दुसरा परिणाम बंप स्टीअरचा. टाय रॉड (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि कंट्रोल आर्म यांचे कोन एकमेकांशी जुळेनासे होतात, त्यामुळे चाक वर-खाली होताना टो (वरून पाहता चाक किती आत किंवा बाहेर वळलं आहे तो कोन) बदलत राहतो. चाकांचे कोन मोजणाऱ्या अलाइनमेंट मशीनवर गाडी स्थिर उभी असते, म्हणून तिथे आकडे बिनचूक दिसतात आणि दोष सापडत नाही. गुळगुळीत रस्त्यावर सरळ जाणारी गाडी उंचवट्यांवर स्टीअरिंग न हलवता दिशा बदलत असेल, तर संशय इथेच घ्या. थोडी उंची परत वाढवणं हा पहिला उपाय. ते नको असेल तर रोल सेंटर सुधारणारे लांब पिनचे बॉल जॉइंट घाला, पण टाय रॉडची टोकंही त्याच हिशोबाने बदला. एकच बदललंत तर बंप स्टीअर आणखी वाढू शकतो.

बंप स्टॉपही, म्हणजे चाक फार वर गेलं की त्याला अडवणारा ठोकळा, विसरला जातो. खाली आणलेल्या गाडीत चाकाला वर जायला जागा कमी उरते. भर वळणात डॅम्पर बंप स्टॉपवर टेकला, की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि गाडीच्या त्या टोकाची ग्रिप काही कळायच्या आत सुटते. डॅम्परच्या दांड्यावर केबल टाय बांधा, फेरी मारून या आणि तो कुठपर्यंत सरकला ते बघा. इतकी सोपी तपासणी लोक करत नाहीत, याचं खरंच वाईट वाटतं.

माझं स्पष्ट मत आहे की रोज रस्त्यावर चालणारी गाडी साधारण २५ ते ३० मिमीपेक्षा जास्त खाली आणू नये.

स्प्रिंग नवी, डॅम्पर जुना

कडक स्प्रिंग जास्त जोराने उलटते. जुना डॅम्पर तिला आवरू शकला नाही, की गाडी धक्क्यानंतर उसळत राहते. उलट टोकाची चूकही होते. रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडताना डॅम्पर करतो तो विरोध) इतका घट्ट केला जातो की लागोपाठच्या धक्क्यांत चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी बसत जाते. अशा वेळी रिबाउंड दोन-तीन क्लिक सैल करून पाहा.

दुसऱ्याच्या गाडीचा स्प्रिंग रेट (स्प्रिंगच्या कडकपणाचा आकडा) उचलून आपल्या गाडीला लावू नका. स्प्रिंग चाकापासून किती आत बसली आहे यावर सगळं अवलंबून असतं. मोशन रेशो (चाक जितकं हलतं त्याच्या तुलनेत स्प्रिंग किती दबते) ०.७ असेल तर चाकापाशी स्प्रिंगचा जेमतेम ४९ टक्के रेट पोहोचतो, कारण त्या आकड्याचा वर्ग होतो. लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीने तर तुलनेने मऊ स्प्रिंग आणि नेमके डॅम्पर या जोडीवर नाव कमावलं.

अँटी-रोल बारचंही (डाव्या-उजव्या चाकांना जोडून बॉडीचं कलणं कमी करणारा बार) तसंच. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून भरीव बार २२ ऐवजी २५ मिमीचा घातला तर तो सुमारे दोन तृतीयांशाने कडक होतो. पुढे जाड बार म्हणजे अंडरस्टीअर (पुढची चाकं घसरून गाडी कमी वळते), मागे जाड बार म्हणजे ओव्हरस्टीअर (मागची बाजू बाहेर निसटते). दोन्ही एकाच दिवशी बदलू नका, कशाने काय झालं ते कळणार नाही.

चाकं लटकत असताना बोल्ट आवळणं

रबरी बुश (सांध्यात बसणारे रबरी तुकडे) असलेले कंट्रोल आर्म गाडी लिफ्टवर असतानाच घट्ट केले, तर गाडी खाली उतरताच बुश पिळले जातात आणि तसेच राहतात. ते लवकर फाटतात, शिवाय गाडीची उंचीही चुकीची दिसते. बोल्ट आधी सैल ठेवा आणि चाकांवर वजन आल्यावरच पूर्ण आवळा.

अलाइनमेंटमध्ये होणारे घोळ

आधी टायरमधली हवा, बेअरिंग आणि बॉल जॉइंटचा खेळ तपासा. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट टिकत नाही. मग मागची चाकं, त्यानंतर पुढची. कास्टर (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा कल), कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. शक्य असेल तर ड्रायव्हरच्या वजनासकट मोजा.

स्क्रीनवर सगळं हिरवं आलं म्हणून समाधान मानू नका. ती मर्यादा रुंद असते. डावी-उजवी बाजू जुळते का, ते बघा. मागचा टो दोन्हीकडे वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग वाकडं राहतं.

मागच्या चाकांना टो-आउट (चाकांची पुढची कड बाहेर वळलेली) राहू देऊ नका. वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू निसटते, आणि वेगात ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. मागे थोडा टो-इन (पुढची कड आत वळलेली) हवाच. पुढे किंचित टो-आउट दिला तर गाडी वळणात चटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर चुळबुळ करते.

टायर आतून झिजला की सगळे कॅम्बरला दोष देतात. ट्रेडवरून आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागलं, तर टो चुकलेला आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढचे टायर आपसात बदला, अर्थात ते एकाच दिशेने फिरणारे नसतील तर. ओढ बाजू बदलली की दोष टायरचा. नाही बदलली तर कास्टर आणि कॅम्बर पाहा: गाडी कमी कास्टरच्या किंवा जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या बाजूला ओढते.

स्टीअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या, नाहीतर ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) नको तिथे ब्रेक लावू शकतं.

पुढचा कॅम्बर रस्त्यासाठी साधारण उणे १ ते २ अंश, ट्रॅकसाठी उणे २.५ ते ३.५. नेमका आकडा मात्र टायरच सांगतो. फेरी संपताच पायरोमीटरने आत, मध्ये आणि बाहेर तापमान घ्या. बाहेरची कड जास्त गरम असेल तर निगेटिव्ह कॅम्बर वाढवा, आतली फारच गरम असेल तर कमी करा. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा कमी करा. सावकाश फिरत पिटमध्ये आलात तर आकडे एकसारखे होत जातात, म्हणून शेवटची फेरीही वेगातच संपवून लगेच मोजा.