तीन दिवसांची सुट्टी : मुक्काम बऱ्हाणपुरात, गावं परतीच्या वाटेवर

जळगाव-भुसावळकडून बऱ्हाणपूरला निघालात तर दोन्ही रात्री तिथेच काढा. रोज नवं लॉज शोधत, बॅगा भरत बसलं की सुट्टी त्यातच जाते.

पहिला दिवस फक्त शहराचा. शाही किल्ल्यातल्या हमामखान्याचं (शाही स्नानगृहाचं) छत मान वर करून सावकाश बघा, जुने रंग अजून टिकून आहेत. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. तो दाखवायला कुणाला तरी विनंती करा, नाहीतर नजरेतून सुटतो. १६१५ च्या सुमाराचा कुंडी भंडारा, म्हणजे शहराला पाणी पुरवणारी मुघलकालीन योजना, जमिनीखाली आहे. तिथली लिफ्ट चालू आहे ना, हे हॉटेलातून निघण्याआधी विचारून घ्या. १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरातच वारली. तिचं पहिलं दफन तापीपलीकडे आहूखाना या शाही बागेत झालं, तिकडे संध्याकाळी जा. रात्री मावा जिलबी. साधी जिलबी आपल्याकडेही मिळते.

दुसऱ्या दिवशी असीरगड, तोही पहाटे निघून. अंतर वीसेक किलोमीटर, पण ऊन चढलं की गड नकोसा होतो. एप्रिल-मेमध्ये तर हा बेतच आखू नका.

तिसऱ्या दिवशी परतताना रावेर, सावदा, फैजपूर. ही गावं धावती बघितली तरी चालतील. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन फैजपुरात भरलं होतं. थंडीत आलात तर मात्र बामणोदच्या वांग्यांचं भरीत खाल्ल्याशिवाय पुढे सरकू नका. वेळ उरलाच तर तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव मंदिर करा. सातपुड्यातल्या पाल या थंड हवेच्या गावी जायचा मोह आवरा, त्याला वेगळी सुट्टी काढा.